तांबडं आलं तरी पुढं जा

माझे दोन्ही हात मांडीवर होते आणि स्क्रीनवरचा बाण चालला होता.

मी माउस उचलून बघितला. उलटा केला. त्याच्या पोटातला दिवा भिंतीकडं धरला. बाण थांबला नाही. दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक एकेक वस्तू न्याहाळत फिरतं, तसा तो सावकाश फिरत होता.

"संत्या, हे बघ," मी म्हणलो. "मी न्हाई करत हाय."

संत्या आमचा पिकअपवाला. आमचा माल चाकणला नेतो. गाडी लावून खिडकीतून आत वाकला होता. "काका, माउसचा सेल उतरला असंल."

"वायरचा हाय माउस."

"मग भूत शिरलं काय?" म्हणला, पण हसला नाही. त्यानंही बघितलं होतं.

माझ्या मानेला घाम आला. कारण त्या कॉम्प्युटरमध्ये माझी बायको होती.

सरळ सांगतो, कोड्यात बोलत नाही. आमची शालन गेल्या साली गेली. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून ती फोनवर बोलून निरोप पाठवायची. घरात असताना पाठवायची, दवाखान्यात पडल्यावर जास्तच. ती गेली आणि मागनं माझा फोनही मरायला लागला. तेव्हा आमच्या कॉम्प्युटर बघणाऱ्या प्राजक्तानं तिचे सगळे निरोप फोनमधून काढून शॉपच्या, म्हंजे आमच्या कारखान्याच्या, कॉम्प्युटरवर ठेवले. फोल्डरला नाव दिलं 'शालन'. दुपारी डबा उघडला की मी त्यातला एक लावायचो. आवाज बारीक करून. घरी लावत नाही. घरी तिचा आवाज आला की मी वळून बघतो, आणि मग जेवण जात नाही.

त्या निरोपांची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

आता कामाचं सांगतो. मी निघोज्याचा. शाळा सातवीपर्यंत. सगळी उमर चिखलीतल्या प्रेस शॉपमध्ये गेली. प्रेस म्हंजे पत्रा दाबून कापणारं, वाकवणारं मशीन. म्हातारा झालो तसं शेठनं मशीनवरून काढून डिस्पॅचला बसवलं. डिस्पॅच म्हंजे माल मोजायचा, ट्रे भरायचा, लेबल चिकटवायचं, गाडी काढायची. काम हलकं आहे असं लोक म्हणतात. लोकांनी येऊन बसावं.

हे लेबल म्हंजे मालाचा पासपोर्ट. चाकणच्या कंपनीच्या वेबसाइटवर जायचं, आपला नंबर टाकायचा, पार्टचं नाव टाकायचं, मग पट्ट्यापट्ट्यांचं लेबल छापून निघतं. ट्रेवर ते नसलं तर गेटवरचा माणूस गाडी आत घेत नाही. आणि माल वेळेत आत गेला नाही तर तिथं लाइन थांबते, म्हंजे गाड्या जोडणारी अख्खी रांग उभी राहते. आमच्या पट्ट्यात माणूस मेला तर लोक हळहळतात. लाइन थांबली तर पळतात.

तर ही वेबसाइट. ती उघडली की रोज एक पान यायचं. पांढरं पान, वर तांबडा त्रिकोण. इंग्रजीत लिहिलेलं की हे कनेक्शन सुरक्षित नाही. पहिल्यांदा मी घाबरलो आणि दत्ताशेठला हाक मारली. दत्ताशेठ आमचा मालक. त्याच्या बापाबरोबर मी काम केलंय, म्हणून मला काका म्हणतो आणि शिव्याही तेवढ्याच हक्कानं देतो.

"काय न्हाई हो काका, त्यांच्या साइटचं सर्टिफिकेट संपलंय," तो म्हणला. "खाली ॲडव्हान्स्ड दाबा, मग बारीक अक्षरातली ओळ दाबा. झालं."

सर्टिफिकेट म्हंजे साइटचं ओळखपत्र. ते बघूनच कॉम्प्युटर ठरवतो की समोरचा खरा आहे का नाव सांगून आलेला दुसराच कुणी. कंपनीचं ओळखपत्र संपलेलं होतं. त्यांनी नवं केलं नाही. आम्ही त्रिकोण ओलांडायला शिकलो. डिस्पॅचवर नवा माणूस आला की तो त्रिकोण बघून बिचकायचा, काम थांबायचं. शेवटी शेठनं वैतागून मॉनिटरच्या कडेला काळ्या मार्करनं लिहून टाकलं, 'तांबडं आलं तरी पुढं जा.' शेजारच्या शॉपवाल्यानं ते बघितलं आणि आपल्याकडंही लिहिलं.

प्रेसवाला माणूस ह्यावर हसणार नाही. आमच्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच मशीन खाली येतं, म्हंजे हात डायमध्ये, पत्रा दाबणाऱ्या साच्यात, राहत नाहीत. पण नगावर पैसे असले की पोरं एका बटणात लाकडाची खुंटी ठोकून ते कायमचं दाबून ठेवतात. एक हात मोकळा होतो, काम पटापट होतं. माझी डावी करंगळी अर्धी आहे. मागच्या शिफ्टवाल्यानं खुंटी ठोकून ठेवलेली. मला ठाऊक नव्हतं. असो.

त्या दिवशी सकाळी लेबलचा प्रिंटर रुसला. आदल्या दिवशी कॉम्प्युटरनं स्वतःच स्वतःला अपडेट करून घेतलं होतं, त्यात कायतरी बिघडलं. स्क्रीनवर आलं की ड्रायव्हर नाही. हा ड्रायव्हर म्हंजे कॉम्प्युटर आणि प्रिंटरच्या मधला दुभाषी. एक एवढासा प्रोग्रॅम. तो नसला तर एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही.

प्राजक्ताला फोन लावला तर ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं होती. "तासाभरानं बघते काका, तोवर काही डाउनलोड करू नका बरं," म्हणली. मी व्हय व्हय म्हणलो.

संत्या हॉर्न मारत होता. "काका, उरका की राव! तिथं रांग लागती."

मी प्रिंटरच्या पाठीवरचं नाव बघितलं आणि इंटरनेटवर टाकलं. सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही जाहिरात आहे. म्हंजे लायकीनं नाही, दाम मोजून वर बसलेला. हे मला नंतर प्राजक्तानं सांगितलं.

उघडलं तर तांबडं पान आलं. आणि हे रोजच्यासारखं नव्हतं. रोजचं पान पांढरं, त्यात नुसता त्रिकोण. हे सगळंच तांबडं. शटरला रेड ऑक्साइड मारावा तसं काठापासून काठापर्यंत. मी क्षणभर थबकलो, हे खरं. मग मॉनिटरच्या कडेला बघितलं. 'तांबडं आलं तरी पुढं जा.' गेलो.

पुढं फाईल उतरली. ब्राउझर म्हणला, ही फाईल धोक्याची दिसते, ठेवू का टाकू? मी ठेव म्हणलो. लेबलचं सॉफ्टवेअर घातलं तेव्हाही त्यानं हेच विचारलं होतं आणि तेव्हाही ठेवच म्हणलो होतो. मग ती साइट म्हणली, तुम्हाला सूचना पाठवत जाऊ का? अलाउ. मग सगळी स्क्रीन काळवंडली आणि मधोमध चौकट आली. ह्या प्रोग्रॅमला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करू द्यायचे का? येस.

प्रिंटर काही चालू झाला नाही. खाली कोपऱ्यात मात्र पाट्या यायला लागल्या. व्हायरस सापडला. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात. इथं दाबा, साफ करा. एक बंद केली की दुसरी. मी दमलो आणि हात मांडीवर ठेवले. तेव्हा तो बाण चालायला लागला.

आधी त्यानं मेल उघडली. वर-खाली केली, बंद केली. मग बिलांचं फोल्डर. मग डेस्कटॉपवर आला आणि थांबला. तिथं एकच फोल्डर मराठी नावाचं होतं.

"न्हाई," मी म्हणलो. मोठ्यानं म्हणलो.

त्यानं ते उघडलं. आत नुसत्या आकड्यांची नावं. त्यातल्या एकावर टकटक केलं. आणि शॉपमध्ये शालन बोलायला लागली.

"अहो, ऐकताय का? नर्सबाई म्हणत्यात उद्या सोडतील. माझी हिरवी साडी आणा. इस्त्री करत बसू नका, घडी घालून आणा. आणि आणखी एक सांगते, नुसतं व्हय व्हय..."

तिथं त्यानं बंद केलं. मधेच.

मी ती साडी नेली होती. दुसऱ्या दिवशी सोडलं नाही. ते जाऊ दे. पण चाळीसेक वर्षांच्या संसारात त्या बाईला मधेच तोडायची माझी हिंमत झाली नव्हती. आणि कुठला कोण, नाव ना गाव, त्यानं तिला एका बोटानं गप्प केलं. मी उठलो ते खुर्ची आडवी झाली. स्क्रीनवर हात आपटला. "ए हरामखोरा, तिला हात लावू नको!"

प्रेसवरची पोरं मशीन थांबवून बघायला लागली. त्यांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. संत्या खिडकी सोडून आत पळत आला. त्यानंच माझ्या फोनवरून प्राजक्ताला लावलं आणि फोन माझ्या कानाला धरला.

"प्राजक्ता, बाण आपोआप चाललाय. त्यानं शालनचं फोल्डर उघडलंय."

 मग ती म्हणली, "काका, मागं निळी वायर आहे नेटची. ती उपटा. कॉम्प्युटर बंद नका करू, आधी वायर."

मी टेबलाखाली शिरलो. गुडघ्याचं दुखणं त्या वेळी कुठं गेलं कोण जाणे. वायर ओढली ती सॉकेटसकट हातात आली. वर येऊन बघतो तर बाण फोल्डरवरच उभा. मेलेल्या माशीसारखा.

प्राजक्ता लातूरकडची. मारुंजीला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि आमच्यासारख्या दहा-बारा शॉपचे कॉम्प्युटर बघते. ती स्कूटीवरून येईपर्यंत दत्ताशेठ आला होता.

"फॉरमॅट मारा," त्यानं आल्या आल्या सांगितलं. फॉरमॅट म्हंजे डिस्क पुसून कोरी पाटी करायची. "गाडी खोळंबलीय. दुपारच्या शिफ्टला माल न्हाई पोचला तर चाकणला लाइन बसंल."

मी कॉम्प्युटरच्या डब्यापुढं उभा राहिलो. "हात लावायचा न्हाई."

"काका, येडेपणा करू नका."

"त्यात शालन हाय, दत्ता."

 त्याच्या लग्नात शालननं ह्याच शॉपमधल्या सगळ्यांना बुंदी वाढली होती. पण मालक तो मालक. "काकू मलाबी परक्या नव्हत्या," तो हळू म्हणला. "पण ही ऑर्डर गेली तर आत उभी असलेली सगळी पोरं घरी बसतील. तुमीच सांगा मी काय करू."

 तो खोटं बोलत नव्हता.

तेवढ्यात प्राजक्ता हेल्मेट घालूनच आत आली. तिनं खुर्ची ओढली, मॉनिटरकडं बघितलं, आणि पहिल्यांदा काय बघितलं असेल तर ती मार्करची ओळ. दोनदा वाचली.

"हे कुणी लिहिलंय?"

शेठ छताकडं बघायला लागला.

"काका, कस्काय घुसला हा? तुम्ही काय काय दाबलं ते एकेक सांगा."

मी सांगितलं. पुढं जा, ठेव, अलाउ, येस. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"ह्याला रिमोट म्हणतात," ती म्हणली. "लांब बसून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचा. मी पण करते की, तुमच्याकडं यायला जमलं न्हाई की. तुम्ही ड्रायव्हर म्हणून जे घेतलं, त्याच्या पोटात हे होतं."

"म्हंजे न विचारता आत आला."

"विचारलं होतं काका. प्रत्येक दाराला विचारलं होतं. तुम्ही येस म्हणलात."

मला प्रेसखाली हात सापडल्यासारखं झालं. चोर भिंत फोडून येतो हे मला ठाऊक होतं. चोर दारात उभा राहून, येऊ का, म्हणून विचारतो आणि आपणच या बसा म्हणतो, हे मला ह्या वयात कळलं.

मग ती शेठकडं वळली. "शेठ, फॉरमॅट नको. ही डिस्क काढून घेते, नवी घालते. जुनी माझ्याकडं वेगळ्या कॉम्प्युटरवर उघडून बघते. पण नवी चालू व्हायला संध्याकाळ होईल."

"आणि लेबलं?"

"माझ्या लॅपटॉपवर काढून देते." तिनं फोनच्या नेटवर कंपनीची साइट उघडली. पांढरं पान, तांबडा त्रिकोण. तिनं हात मागं घेतला. "हे रोज येतं?"

"रोज," मी म्हणलो.

"आणि रोज तुम्ही पुढं जाता?"

"सगळेच जातात," शेठ म्हणला.

तिनं कंपनीच्या कॉम्प्युटर खात्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस झोपेतल्यासारखा बोलत होता. "मॅडम, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन प्रोसीड करा ना. सगळे व्हेंडर तसंच करतात."

"अहो, तुमचं सर्टिफिकेट संपलंय."

"हो, माहीत आहे."

आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. माहीत आहे! एवढी मोठी कंपनी. गेटवर गाडीखाली आरसा फिरवून बघतात, डब्यातली भाकरी उघडून बघतात. आणि आपल्याच दाराचं कुलूप मोडलंय हे ह्याला माहीत आहे.

दत्ताशेठनं फोन घेतला. शिव्या दिल्या नाहीत, तेव्हाच मला कळलं हा पेटलाय. "साहेब, आमचा कॉम्प्युटर पडलाय. माल बिनलेबलचा पाठवतोय. तुमच्या गेटवर लेबल काढून चिकटवा. न्हाईतर लाइन थांबली की तुमच्या मोठ्या साहेबांना मी हे 'माहीत आहे' ऐकवतो. फोन रेकॉर्ड होतोय."

रेकॉर्ड बिकॉर्ड काही होत नव्हतं. पण थोड्या वेळानं उलट फोन आला की आजच्या दिवस गेटवर लेबल मिळेल. संत्यानं गाडी काढली. जाता जाता म्हणला, "काका, बिनलेबलचं चालतंय हे आधीच बोलला असता तर मी चहा पिऊन घेतला असता." दुपारच्या शिफ्टला माल पोचला.

प्राजक्तानं कॉम्प्युटरचा डबा उघडून डिस्क काढली. तळहातावर मावेल एवढी चपटी डबी. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. तिनं ती रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवली.

"काका, तेव्हा सांगितलं होतं की, दुसरीकडं पण एक कॉपी ठेवा."

सांगितलं होतं. मी व्हय व्हय म्हणलो होतो. शॉपमध्ये एका पंचावर, म्हंजे पत्रा कापणाऱ्या ठोकळ्यावर, कुणी काम घेत नाही. पंच तुटला तर दुसरा कपाटात तयार असतो. पंचाचा स्पेअर मी डोळ्यात तेल घालून सांभाळला. हिचा ठेवला नाही.

पुढचे काही दिवस मी जेवणाचा डबा उघडायचो आणि झाकायचो. पोरं मुद्दाम जवळ येऊन गप्पा मारायची. मला त्यांचा राग यायचा.

मग ती आली. दोन पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवले. "आवाज सगळे मिळाले. तपासून, नुसते आवाजच काढलेत, बाकी त्या डिस्कचं काही घेतलं न्हाई. एक इथं ठेवा, एक घरी." मी ते दोन वेगळ्या पाकिटांत घालायला घेतले. ती उभीच होती.

"काय झालं?"

"काका, खरं सांगू का? वायर काढायच्या आत त्यानं काय काय उचललं, ते मला सांगता येणार न्हाई. पासवर्ड सगळे बदललेत. पण फाइली त्यानं नेल्या असतील तर नेल्या."

"म्हंजे ही... त्याच्याकडंबी असंल?"

"असंल. नसंल. कळायला मार्ग न्हाई."

हे मला अजून पचलेलं नाही. तिची राख मी स्वतः इंद्रायणीत सोडली. तिच्या साड्या वाटल्या त्या कुणाला दिल्या ते ठाऊक आहे. पण तिचं बोलणं, साडी आणा, इस्त्री करत बसू नका, हे कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये पडलं असेल. त्याला मराठी येत नसेल. तो आकड्यांच्या नावाची निकामी फाईल म्हणून पुसून टाकेल. पुसली तरी जीव तुटतो आणि ठेवली तरी तुटतो.

तिकडं कंपनीनं पुढच्या आठवड्यात सर्टिफिकेट नवं केलं. शेठनं आणि शेजारच्या चार शॉपवाल्यांनी मिळून ओरडा केला तेव्हा. त्रिकोण गेला. प्राजक्ता म्हणली, चहा होईस्तवर होणारं काम होतं. मी नवीन मॉनिटर मागितला नाही. चिंधीवर थिनर घेतलं आणि ती मार्करची ओळ पुसली. प्लॅस्टिकचा रंगही थोडा गेला. जाऊ दे.

त्या दिवशी दुपारी डबा उघडून मी तोच निरोप लावला. ह्या वेळी कुणी मधे तोडलं नाही.

"...आणि आणखी एक सांगते, नुसतं व्हय व्हय करू नका. आधी नीट ऐका, मग व्हय म्हणा. डॉक्टर काय विचारत्यात ते तुमी ऐकतच न्हाई, मान हलवत सुटता."

हे मी कितीतरी वेळा ऐकलं होतं. म्हंजे वाजत होतं, मी भाकरी खात होतो.

आता स्क्रीनवर काही विचारणा आली की मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचतो. संत्या बाहेरून ओरडतो, "काका, लग्नपत्रिका वाचताय का?" ओरडू दे. कॉम्प्युटर विचारतोय म्हंजे त्याला कसली तरी शंका आली आहे. कळलं तर उत्तर द्यावं. नाही कळलं तर प्राजक्ताला फोन करावा आणि ती येईस्तवर हात मांडीवर ठेवावेत. मांडीवरच्या हाताचं बोट प्रेसमध्ये गेलेलं मी आजवर बघितलं नाही.